हार्ड फेसिंगची रोटर पाती : दिवाळी ते आषाढ वापरून पाहिल्यावर

दिवाळीनंतर रोटरला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या माती फोडणाऱ्या फिरत्या अवजाराला, नवी पाती घालायची होती. निम्मी साधी बोरॉन स्टीलची घेतली, निम्मी धारेवर हार्ड फेसिंग केलेली, म्हणजे वेल्डने कडक धातूचा थर चढवलेली. दुसऱ्या प्रकारची किंमत जवळजवळ दीडपट पडली. आमच्या सहा फुटी रोटरच्या एकेका फ्लँजवर, म्हणजे दांड्यावरच्या चकतीवर, सहा पाती बसतात. त्यातली तीन साधी आणि तीन हार्ड फेसिंगची, तीही डाव्या-उजव्यात वाटून लावली. म्हणजे दोन्हींना माती तीच, खोली तीच, ड्रायव्हर तोच. निम्मं भाडं कृष्णाकाठी, भिलवडी-अंकलखोपच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या काळ्या जमिनीत, उसाचे खोडवे मोडायला. निम्मं तासगावच्या पूर्वेला, सावळजकडच्या माळावर. आता पाती उतरवलीत, म्हणून लिहितोय.

मळीत खर्च केलेले जादा पैसे वाया गेले. काळी ओली माती आणि उसाची बुडखी यांत ट्रॅक्टर कण्हतो, धूर ओकतो, डिझेल पितो. बांधावरच्या माणसाला वाटतं, पात्यांचं पार वाटोळं होत असणार. पण उतरवून बघितलं तर दोन्ही प्रकारांत सांगण्यासारखा फरक नाही. घर्षण जास्त म्हणजे झीज जास्त, असं आपण सहज धरून चालतो. चिकण माती पात्याला धरून ठेवते, त्यामुळे ताकद खूप लागते. पण तिचे कण पोलादापेक्षा मऊ. ते पातं कापत नाहीत, घासून आरशासारखं करतात. उलट हार्ड फेसिंगच्या खडबडीत वेल्डवर माती जास्त धरते. ड्रायव्हर त्याच पात्यांना शिव्या घालत गोळे काढायचा.

माळावर सगळंच उलटं. कोरड्या मुरमात रोटर कसा मजेत फिरतो, इंजिनाला भार जाणवत नाही, आणि साधी पाती तिथेच संपतात. आपला सगळा भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या दगडाचा, त्यामुळे मातीत क्वार्ट्झची वाळू तशी कमी. पण काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झच, तयार झालेली असते. दगड कुजून मुरूम झाला तरी ती तशीच राहते. कठीणपणाच्या मोह्ज मापात गारगोटी ७, विकर्स मापात साधारण ११००. नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवलेलं, पातं रॉकवेल या तिसऱ्या मापात ४५ धरलं तर ४५० विकर्सच्या आसपास. बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिजसुद्धा त्याहून कठीण आहे. असा एखादा टोकदार कण पात्यात रुतून पुढे सरकला की तेवढा कीस निघतोच.

म्हणून दुकानदार ‘आमचं पातं ४८ रॉकवेलचं’ म्हणून जादा पैसे मागतो तेव्हा हसू येतं. आर्चर्ड नावाच्या संशोधकाने १९५३ साली मांडलेल्या झिजेच्या सूत्रात कठीणपणा वाढला की झीज घटते, हे खरं. पण समोरचा कण दुपटीहून कठीण असताना तीन रॉकवेलनी काय होणार? फरक पडतो तो पृष्ठभागात कणापेक्षाही कठीण काहीतरी असेल तेव्हा. हार्ड फेसिंगच्या थरातलं क्रोमियम कार्बाइड १५०० विकर्सच्या घरात असतं. जिथे १९१० पासून लोखंडी नांगर घडले ती किर्लोस्करवाडी शेजारी असूनही आमच्याकडे पाती घेताना माणूस कंपनी विचारतो, जमीन कुठली ते बोलत नाही.

माळावरून आलेलं साधं पातं हातात घेतलं तर टोक गोल, धार बोथट, रुंदी जेमतेम निम्मी. हार्ड फेसिंगच्या पात्याचा पुढचा कडक थर शाबूत आहे आणि मागचं पोलाद झिजून आत गेलंय. त्यामुळे धार आपोआप राहिली, उंदराच्या दातासारखी. त्यालाही कडक आवरण पुढच्याच बाजूला असतं. शेवटपर्यंत हे पातं मातीत घुसत होतं. साधं पातं नंतर नुसतं आपटत होतं.

तक्रार एकच, पण मोठी. काही पाती बाकाच्या जागी, म्हणजे जिथे पातं वळतं तिथे, तुटली. ज्याने वेल्ड मारलं त्याने धारेबरोबर बाकावरही थर ओढला होता. या थराला आडव्या बारीक चिरा पडतातच, तो दोष नाही; सरळ धारेवर त्या तशाच राहतात. बाकावर मात्र दगडाचा दणका बसला की चीर उघडून खालच्या पोलादात उतरते. तुटलेल्या तोंडावर वेल्डलगत तांबूस गंजलेला पट्टा होता आणि बाकीचा भाग ताजा, करडा, दाणेदार. म्हणजे चीर बरेच दिवस आत चाललेली होती. वेल्ड गरम असताना पाण्यात बुडवणारेही भेटतात. तशी पाती फुकट दिली तरी घेऊ नका, ठिसूळ होतात.

बोल्टची डोकी माळावर दोन्ही प्रकारच्या पात्यांची सारखीच घासली गेली, ती बदलावीच लागतात.

यंदा मळीसाठी साधी पाती, माळासाठी हार्ड फेसिंगची, असे दोन संच ठेवतोय. दुसऱ्या संचाला वेल्ड फक्त पुढच्या धारेवर, बाकापासून चार बोटं अलीकडे थांबवायचं, असं सांगून ठेवलंय. माळावर दीडपट किंमत पहिल्याच हंगामात वसूल झाली. भाड्याच्या दिवसांत पाती बदलण्यात जाणारी अर्धी सकाळ वाचली, ती वेगळीच.