डेंटल कॉलेजातलं रूट कॅनल: सवड असेल तर जरूर

नागपूरच्या मेडिकल परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात रूट कॅनल (दाताच्या मुळातल्या नळ्या साफ करून भरणं) करून घ्यावं का? तीन-चार फेऱ्यांची तयारी असेल तर जरूर. खर्च खासगीपेक्षा बराच कमी, पण खरी गोष्ट वेगळीच. इथे एमडीएसचे (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक टप्पा सरांना किंवा मॅडमना दाखवूनच पुढे जातात. पेशंटला ते रेंगाळणं वाटतं; दाढेला मात्र मानवतं.

वरची पहिली मोठी दाढ घ्या. मुळं तीन, पण नळ्या बहुधा चार. चौथी गालाकडच्या पुढच्या मुळात दडलेली असते. घाईत ती सुटली की जंतू आतच राहतात आणि वरून झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप बसवली तरी मुळाशी पू धरतो. जगभरच्या एक्स-रे पाहण्यांत रूट कॅनल झालेल्या 10 दातांपैकी साधारण 4 दातांच्या टोकाशी सूज दिसते. त्यातल्या पुष्कळांना ठणका नसतो, म्हणून कुणी दाखवायलाच जात नाही.

खुर्चीत बसल्यावर रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणलेला रबरी पडदा, लावतात का ते बघा. तो नसेल तर नळी धुवायचं हायपोक्लोराइट घशात जाऊ शकतं आणि लाळ नळीत उतरते. नळीची लांबी एपेक्स लोकेटरने (मुळाचं टोक शोधणाऱ्या यंत्राने) मोजून एक्स-रेवर ताडतात. काम टोकाच्या 0.5 ते 1 मिमी अलीकडे थांबायला हवं. शेवटच्या एक्स-रेत नळीत भरलेला मसाला 2 मिमीहून जास्त आखूड दिसला, किंवा टोकाबाहेर गेलेला दिसला, तर तिथेच विचारा.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांनी आधीच सांगावं. खर्ऱ्याने तोंड उघडणं कमी झालं असेल तर मागच्या दाढेत 25 मिमीची फाइल (नळी घासायची बारीक सुई) उभीच राहत नाही. 21 मिमीची आखूड फाइल वापरावी लागते. अक्कलदाढेशेजारी तर तीही अडते. वाकडी घातलेली फाइल तुटते, मग दोष डॉक्टरला.

पाचपैकी चार. एक कापला तो कॅपसाठी: ती दुसऱ्या विभागात, म्हणजे पुन्हा नंबर. दुखणं थांबलं की लोक कॅप न बसवता इथूनच घरी जातात. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत शिरते, किंवा दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की बहुधा काढण्याशिवाय इलाज नसतो. त्यामुळे शेवटच्या सिटिंगलाच कॅपची चिठ्ठी मागून घ्या, आणि वर्षभराने जुना एक्स-रे सोबत नेऊन नव्याशी जुळवून बघायला सांगा.