विंडोज ११ टाकल्यावर स्क्रीन बिघडली आणि ४३,७५८ रुपये गेले : 'सपोर्ट नंबर' शोधण्याआधी हे वाचा

आधी आकडा सांगतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तोच विचारतो. ४९९, मग ८,२६०, मग ३४,९९९. एकूण ४३,७५८ रुपये. आणि तेही अशा बिघाडासाठी, जो एक पैसा न देता दुरुस्त होतो.

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्सची डिझाइनं. विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ग्राहकांची बिलं, बँकेचं काम सगळं विंडोज १०च्याच कॉम्प्युटरवर, म्हणून म्हटलं जुनं ठेवून धोका नको. मशीन विंडोज ११च्या अटींत बसत होतं. अपग्रेड सुरळीत झालं, फाइल्स जागच्या जागी. पण मशीन चालू केलं की स्क्रीनचं रिझोल्यूशन (चित्र किती ठिपक्यांत दिसतं ते) १०२४ बाय ७६८वर येऊन बसायचं. मॉनिटर १९२० बाय १०८०चा. अक्षरं फुगलेली, कडा धूसर, पत्रिकेवरचा गणपती आडवा ताणलेला, वर्तुळ काढावं तर अंडं दिसायचं. सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशनची यादी करडी पडलेली, त्यावर क्लिकच होत नव्हतं. रिस्टार्ट केलं तरी तेच.

तुळशीचं लग्न तोंडावर, त्यानंतर पत्रिकांचा सीझन सुरू. आमचा नेहमीचा टेक्निशियन दिवाळीला गावी गेलेला, फोन लागत नव्हता. अशा वेळी माणूस काय करतो? सर्च करतो. मीही केला. सगळ्यात वर एक नंबर आला, ओळखीचा लोगो, 'अधिकृत सहाय्य' असे शब्द. 'प्रायोजित' हा शब्द तिथे इतक्या बारीक अक्षरात असतो, की घाईत कुणाच्याही नजरेतून सुटावा. सर्चमध्ये वर दिसलेल्या नंबरवर फोन करू नका. नंबर हवाच असेल तर मशीनच्या बॉक्सवर किंवा बिलावर बघा.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. गोड बोलणारा माणूस, 'सर, सर' करत. ४९९ रुपये 'रजिस्ट्रेशन', यूपीआयने. मग रिमोटचं ॲप, म्हणजे दुरून आपलं मशीन दुसऱ्याला चालवू देणारं, त्यातला नंबर त्याला सांगायचा. माऊस आपोआप फिरायला लागला.

आता जे सांगतोय त्याने मला अजून झोप लागत नाही. त्याने सुरुवातीला डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनच्या भागांची यादी, उघडला होता. 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स'च्या खाली एकच ओळ होती : मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर. रोगाचं निदान तिथेच लिहिलेलं होतं. अपग्रेडमध्ये ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम, निघून गेलेला, आणि विंडोज तात्पुरत्या, कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत होतं. त्याच्याकडे रिझोल्यूशन बदलायची सोयच नसते, म्हणून यादी करडी. त्या माणसाने ती ओळ बघितली आणि क्षणात खिडकी बंद केली. त्याला कळलं होतं. दुरुस्त करायचं असतं तर तिथेच झालं असतं.

त्याऐवजी त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक घटनांची नोंदवही, उघडला. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी. म्हणाला, हे सगळे व्हायरस. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट ही मशीनची नेटवरची जोडणी दाखवणारी कमांड चालवून 'फॉरेन ॲड्रेस' असं शीर्षक असलेला रकाना दाखवला आणि सांगितलं, परदेशातून तुमच्या मशीनमध्ये लोक शिरलेत. माझ्याकडे कामाला असलेली मुलगी मागे उभी होती. ती म्हणाली, "दादा, आपला डिस्प्ले बिघडलाय ना? मग हा पत्ते कसले बघतोय?" अगदी बरोबर प्रश्न होता. मी तिला हाताने गप्प केलं, कारण फोनवर तो बोलत होता.

लाल खुणा प्रत्येक चांगल्या मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतात. आत्ता उघडून बघा, तुमच्याकडेही दिसतील. 'फॉरेन ॲड्रेस' म्हणजे तुमच्या मशीनवरची वेबसाइट किंवा ॲप ज्या कॉम्प्युटरशी जोडलेलं असतं त्याचा पत्ता, 'परदेश' नव्हे. हे दोन्ही कुणी दाखवायला लागलं की फोन ठेवा आणि इंटरनेटची वायर काढा.

मग तीन वर्षांचा 'ड्रायव्हर आणि सुरक्षा प्लॅन', ७,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ८,२६०. मी स्वतः जीएसटीची बिलं छापून देतो. त्याच्या पावतीवर जीएसटी नंबर नव्हता, आणि यूपीआयवर नाव कंपनीचं नाही, एका व्यक्तीचं आलं. विचारलं, तर म्हणाला, "सर, वो हमारे अकाउंट मॅनेजर हैं." पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नाव वाचा. त्या एका ओळीत सगळं कळतं.

दुरुस्ती काय केली म्हणाल, तर मला मॉनिटरचंच बटण दाबायला लावून मेनूत ४:३ हे रुंदी-उंचीचं प्रमाण निवडायला सांगितलं. वर्तुळं गोल दिसायला लागली, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. रिझोल्यूशन होतं तेच. दुसऱ्या दिवशी डिझाइनला बसलो तेव्हा अक्षरं तशीच धूसर. पुन्हा फोन केला, चिडून. तो लगेच म्हणाला, प्लॅन रद्द करतो, रिफंड देतो, नेट बँकिंग उघडून ठेवा. मग स्क्रीन काळी झाली. "कुछ छूना मत सर, रिझोल्यूशन सेट हो रहा है." डिस्प्लेचं काम चाललेलं असताना स्क्रीन काळी होते, हे कुणालाही पटेल, मलाही पटलं. रिमोट ॲपमध्ये समोरच्याची स्क्रीन मुद्दाम काळी करायची सोय असते, हे कुणी सांगत नाही. मोबाइलवर ओटीपी आला, तो 'रिफंडचा कन्फर्मेशन कोड' म्हणून त्याने विचारला. ३४,९९९ गेले. पैसे यायचे असतील तेव्हा ओटीपी लागत नाही, यूपीआयचा पिनही लागत नाही.

लोक म्हणतात, शिकलेला माणूस असून कसा फसला. माझं उत्तर आहे, की त्या माणसाचा धंदाच तो आहे आणि माझा नाही. मी मदत मागायला गेलो होतो, लॉटरी लागली म्हणून नव्हे.

१९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन केला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाकली, पोचनंबर मिळाला. तुमच्यावर वेळ आली तर पहिलं हेच करा, बाकी रडणं नंतर. पैसे पुढच्या खात्यात थांबवायचे असतील तर सगळा खेळ पहिल्या काही तासांचा असतो.

खरा संताप त्यानंतरचा. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, हे सायबरचं, तिकडे जा. सायबरला गेलो तर, रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. पुन्हा ठाण्यात, तर पीआय (पोलीस निरीक्षक) साहेब बंदोबस्ताला, ते आल्यावर या, कारण आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करतो. हे खरं आहे, कलम ७८ तसंच सांगतं. पण तपास निरीक्षकाने करायचा आणि तक्रार लिहून घ्यायची, यात फरक आहे की नाही? नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट म्हणतं, की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. मी ते मोबाइलवर दाखवलं. समोरच्या हवालदाराने विचारलं, "तुम्ही वकील आहात का?" नाही, मी पत्रिका छापतो. पण ४३,७५८ रुपये माझे गेलेत. लेखी अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय उठू नका. अर्जात आयटी कायद्याचं कलम ६६ड (सोंग घेऊन फसवणं) आणि न्याय संहितेचं ३१८(४) (फसवणूक) मीच लिहून दिलं.

बँकेची तऱ्हा वेगळी. शाखेत सांगितलं, ओटीपी तुम्ही दिलात, विषय संपला. विषय संपलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात ग्राहकाची चूक असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, असं आहे, मान्य. पण त्याच परिपत्रकात हेही आहे, की ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करणं बँकेचं काम, आणि तक्रार ९० दिवसांत निकाली काढायची. शाखेतल्या बाईंना ते परिपत्रक माहीतच नव्हतं. मी छापून नेलं, तर म्हणाल्या, हेड ऑफिसला मेल करा. मेलला उत्तर आलं : 'आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत.' गैरसोय! रांगेत उभं राहावं लागलं तर ती गैरसोय. खात्यातून पैसे नेले त्याला काय म्हणायचं, ते यांना शिकवायला हवं.

टेक्निशियन गावाहून आला. त्याने आधी मशीन नेटवरून काढलं, फाइल्सचा बॅकअप घेऊन फॉरमॅट केलं, आणि माझे सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलून घेतले. हे विसरू नका, रिमोट ॲप नुसतं डिलीट करून भागत नाही. मग मशीनचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर उतरवला, रिस्टार्ट केलं, १९२० बाय १०८०. काही वेळा तेवढंही लागत नाही. विंडोज अपडेटमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात 'ऑप्शनल अपडेट्स', त्यात ड्रायव्हर अपडेट्स, तिथे तो पडलेला असतो. अपग्रेडच्या आधीच ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवलात तर आणखी बरं.

बँकेला लेखी तक्रार दिल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात जाता येतं. माझा अर्ज तयार आहे. अशा प्रकरणात ओटीपी दिल्यानंतरही कुणाला रक्कम परत मिळाली असेल, तर कोणते कागद जोडले होते ते कृपया सांगा.