डेबियन 12 की 13? सामायिक सर्व्हरसाठी सीएफएस आणि ईईव्हीडीएफ

नांदेडच्या एका प्राध्यापक मित्राचा प्रश्न आहे. कॉलेजात एकच मोठा लिनक्स सर्व्हर. एक जण पावसाच्या नोंदींवर मॉडेल चालवतो, बाकीची दहा-बारा मुलं कोड लिहितात, कंपाइल करतात. मॉडेल सुरू झालं की टाइप केलेलं अक्षर पडद्यावर यायला वेळ लागतो. डेबियन 12 वर राहावं की 13 वर जावं?

दोन्हींतला महत्त्वाचा फरक शेड्युलरचा, म्हणजे प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला कधी द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाचा. तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मुख्य प्रोग्रॅममध्ये असतो. 12 मध्ये कर्नल 6.1, म्हणजे जुना शेड्युलर सीएफएस. 13 मध्ये 6.12, म्हणजे नवा शेड्युलर ईईव्हीडीएफ. हा बदल ऑक्टोबर 2023 च्या 6.6 पासून झाला. उबुंटू वापरत असाल तर 24.04 मध्ये 6.8 आहे, म्हणजे तिथे नवा शेड्युलर आधीच आलाय.

फरक विहिरीवर लवकर कळतो. दोन भावांची सामायिक विहीर, पाणी निम्मं-निम्मं. एकाचा ऊस, दुसऱ्याची मेथी-कोथिंबीर. उसाला एकदाच रात्रभर पाणी दिलं तरी चालतं. मेथीला रोज थोडं लागतं, पण वेळेवर. आठवड्याचा हिशोब बरोबर जुळला तरी मेथी वाळू शकते. मॉडेल म्हणजे ऊस, टाइप करणं म्हणजे मेथी.

इंगो मोल्नार यांनी लिहिलेला सीएफएस 2007 मध्ये 2.6.23 सोबत आला. कोणी किती वेळ वापरला हे तो मांडतो आणि ज्याचा वापर सर्वांत कमी, त्याला पुढे घेतो. नाइस, म्हणजे कामाची प्राधान्याची पायरी, एकने बदललं की वाटा ठरवणारं वजन साधारण 1.25 पटीने बदलतं. वाटणी चोख. पण ‘मला जास्त नको, लवकर हवंय’ हे सांगायची नीट सोय नाही. नाइस कमी केलं तर वाटाच वाढतो, आणि ते इतरांवर अन्यायकारक ठरतं.

ईईव्हीडीएफची कल्पना 1995 ची, आयन स्टोइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांची. लिनक्समध्ये ती पीटर झिल्स्ट्रा यांनी आणली. हा शेड्युलर आधी पाहतो की वाट्यातलं कोणाचं देणं बाकी आहे. त्यांतून ज्याची मुदत सर्वांत जवळ, त्याची पाळी. मागितलेला वेळेचा तुकडा लहान असेल तर मुदतही जवळची. म्हणजे वाटा तोच राहतो, पाळी लवकर येते. 6.12 पासून एखादा प्रोग्रॅम स्वतःचा तुकडा 0.1 ते 100 मिलिसेकंदांत मागू शकतो. मला हा बदल मनापासून पटतो, कारण इथे कोणाच्या ताटातलं काढून कोणाला दिलेलं नाही.

प्रोसेसरच्या गाभ्यांमध्ये (कोअरमध्ये) ओझं वाटण्याच्या बाबतीत मात्र दोन्हींत निवडण्यासारखं फारसं नाही. प्रत्येक गाभ्याची रांग वेगळी. रिकामा गाभा गजबजलेल्या रांगेतून काम ओढतो, आधी जवळच्या गाभ्यांकडून, मग लांबच्या. मोंढ्यात एका काट्यावरची गाडी दुसऱ्या काट्यावर न्यायला जसे कष्ट पडतात, तसं इथे काम हलवलं की आधीच्या गाभ्याजवळच्या कॅशमध्ये (जलद मेमरीत) साठलेला डेटा मागे राहतो. दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसर असलेल्या मशीनवर हे जास्त जाणवतं. मॉडेल टास्कसेट या कमांडने एका सॉकेटला बांधून ठेवा. 12 वरही, 13 वरही.

आता मित्राच्या तक्रारीचं संभाव्य मूळ. शेड्युलर मुळात कामं मोजतो, माणसं नाही. 2011 पासून असलेली ऑटोग्रुप ही सोय लागू असेल तर तो सत्रं, म्हणजे उघडलेली लॉगिन किंवा टर्मिनलं मोजतो. म्हणजे चार सत्रं उघडणाऱ्याला चार वाटे. एका भावाने विहिरीत चार मोटारी टाकाव्यात आणि वाटणी मोटारीप्रमाणे व्हावी, तसं हे. ऑटोग्रुपमुळे दुसऱ्या सत्राच्या तुलनेत नाइसचाही उपयोग होत नाही, आणि पोरांना वाटतं आपलीच कमांड चुकली. ईईव्हीडीएफने यातलं काहीच सुटत नाही. त्यासाठी प्रत्येक वापरकर्त्याच्या सीग्रुपला (त्याच्या सगळ्या कामांच्या एकत्र गटाला) समान सीपीयू वेट, म्हणजे वाट्याचं वजन असावं लागतं, आणि ते डेबियन 12 वरही ठेवता येतं.

तेव्हा माझा सल्ला: या आठवड्यात वेट तपासा, सारखं नसेल तर लावा, आणि मॉडेलला शेड-बॅच (SCHED_BATCH) या लांबलचक कामांसाठीच्या धोरणावर टाका. एवढ्यावरही अक्षरं अडखळली तर दिवाळीच्या सुटीत 13 वर जा. त्याच मशीनवर कॉलेजचा डेटाबेस असेल तर मात्र आधी दुसऱ्या मशीनवर चालवून पाहा. नव्या शेड्युलरवर काही डेटाबेसचा वेग घटल्याच्या तक्रारी आलेल्या आहेत.