आठ महिने रोज वाचन : सवय पक्की, बांधणी कच्ची

ऑक्टोबरात मोबाइलचा डिस्प्ले फुटला. इथं नागपुरात बर्डीवरच्या दुरुस्तीवाल्यानं ४,८०० सांगितले. नऊ हजारांच्या फोनावर एवढे घालायला हात धजेना. फोन लागतो, येतो, बस. वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, त्यातून व्हिडिओ काय बघणार? सुभाषनगरहून सीताबर्डी, तिथं गाडी बदलून इंदोरा, रोज जाऊन-येऊन एवढा वेळ मेट्रोत करायचं काय, म्हणून घराजवळच्या वाचनालयात नाव घातलं. अनामत ५००, महिन्याला ६०, एका वेळी दोन पुस्तकं. वाचनाच्या फायद्यांवर शाळेत सगळ्यांनीच निबंध लिहिलाय, तो परत लिहीत नाही. वापरून काय झालं तेवढं सांगतो.

पहिले दोन महिने पैसे बुडाले असंच वाटलं. चार पानं झाली की डोळे ओळीवर आणि डोकं घराच्या हप्त्यावर. पान उलटायचं आणि कळायचं की मागचं काहीच आत गेलेलं नाही. त्यात चाळिशी. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं. मग पुस्तक लांब धरायचं, पण सकाळच्या मेट्रोत हात लांब करायला जागा कुठं असते! चष्म्याचे वेगळे ९०० गेले. ते वाचनाच्या खात्यात धरत नाही, कधीतरी लागणारच होते.

डिसेंबरात दोन तारे दिले असते. जानेवारीत एक दिवस इंदोरा कधी गेलं कळलं नाही, थेट नारी रोडला उतरलो. त्या दिवशी मत बदललं. ऑफिसात उशिराचा शेरा मिळाला तरी मी मनातून खूशच.

मग एकेक लक्षात यायला लागलं. आठ पानांचं परिपत्रक मी एका बैठकीत संपवलं, नाहीतर शेजारच्याला ‘काय म्हणते हे?’ विचारायची सवय होती. रात्री दहानंतर फोनाऐवजी पुस्तक धरलं की अकराच्या आत झोप लागते. आता झोप वाचनानं येते की फोन नसल्यानं, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. आणि मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही आजकाल पूर्ण ऐकून घेता.” टोमणा होता की कौतुक, अजून ठरायचं आहे.

मेहुण्यानं येल विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१६ चा अभ्यास पाठवला. अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या ३,६३५ लोकांवर बारा वर्षं नजर ठेवली, तर पुस्तकं वाचणाऱ्यांचा त्या काळात मरण्याचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी निघाला. पण यावरून पुस्तकानंच आयुष्य वाढलं असं सिद्ध होत नाही. वाचणारा माणूस मुळात सुस्थितीतला असू शकतो. संशोधकांनी शिक्षण, पैसा, तब्येत असा हिशेब धरला होता, तरीही. मेहुण्याला म्हटलं, जास्तीची वर्षं मिळाली तर हप्तेही तितकेच भरावे लागतील.

आता खरी तक्रार. बांधणी!

मेच्या शेवटी, नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, साडेतीनशे पानांचं एक पुस्तक माझ्या हातात उघडलं आणि मधली चाळीस पानं पत्त्यांसारखी मांडीवर आली. पाठीला नुसता गोंद. हल्लीच्या स्वस्त आवृत्त्यांत पानांची पाठ कापून त्यावर गरम गोंद फासतात, दोरा नावालाही नसतो. हा गोंद उन्हात मऊ पडतो आणि जुना झाला की ठिसूळ होऊन तडकतो. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यासाठी बनवलेलाच नाही. रात्री वर कूलरची ओल, तिनं कागद फुगतो. दिवसा परत सुकतो. गोंद तरी किती ओढाताण सोसणार?

वाचनालयातल्या ताईंनी पुस्तक हातात घेतलं. “बाप्पा! हे काय करून आणलं काका?”

मी गोंदावर भाषण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मे महिन्यात पुस्तक डिकीत कोण ठेवते?”

हे मी तुम्हाला सांगायचं टाळत होतो. मेट्रो स्टेशनवरच्या गाडीच्या डिकीत होतं, दोन दिवस. पण शिवलेलं पुस्तक असतं तर टिकलं असतं, यावर मी आजही ठाम आहे. पंचेचाळीसच्या उन्हात डिकीत पापड भाजला जाईल, दोऱ्याला काही होत नाही.

किंमत ३५०, भरून द्या, असा हुकूम. तीन फेऱ्या वाद झाला. शेवटी मी म्हटलं, शिवून आणतो. महाल भागातल्या एका बाइंडरकडे शनिवारी दुपारभर बसलो. त्यांनी दाखवलं : पानं ठोकून सारखी करायची, पाठीपासून पाव इंचावर टोच्यानं भोकं पाडायची, दाभणानं दोरा ओवायचा, वर कापडाची पट्टी खळीनं चिकटवायची. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडे लागत नाहीत. खर्च चाळीस रुपये आणि एक चहा.

इथं मत परत थोडं बदलावं लागलं. असं वरून शिवलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही, आतला समास दोऱ्यात जातो. एका हातानं मेट्रोची दांडी आणि दुसऱ्यात पुस्तक असेल तर ते फटकन मिटतं. सोळा-सोळा पानांच्या घड्या घडीतून शिवल्या तरच ते नीट पसरतं, आणि एकदा पाठ कापलेल्या पुस्तकाला ती सोय उरत नाही. तरी सुट्ट्या पानांपेक्षा बरंच.

हिशेब : आठ महिन्यांचे ४८०, वाचून झाली २३ पुस्तकं. पुस्तकामागे एकवीस रुपये, म्हणजे साधारण एक प्लेट तर्री-पोहे. फोन अजून फुटकाच आहे.

काल ताईंनी सात सुटी झालेली पुस्तकं पिशवीत भरून दिली, “काका, तुम्हाला जमतेच आता.” महिन्याचे ६० मात्र घेतलेच.