पट्टी खरी, हाऊसिंग भलतंच

जुनी जीप बाळगणाऱ्यांनो, मी २८ हजारांना गंडलो. कसा गंडलो ते सविस्तर लिहितो, कारण यात समोरच्याच्या हुशारीपेक्षा माझा आळस जास्त होता.

वडिलांची १९७४ सालची महिंद्रा सीजे-३बी आहे. गगनबावड्याच्या अंगाला थोडं रान आहे आणि पावसाळ्यात तिथल्या तांबड्या चिखलात फोर-व्हीलशिवाय (चारी चाकांना ताकद दिल्याशिवाय) गत नाही. मे महिन्यात पुढच्या एक्सलचं हाऊसिंग, म्हणजे आतले गिअर सांभाळणारं लोखंडी कवच, तडकलं. कोल्हापुरात ओतकामाला तोटा नाही, पण एका जुन्या जीपसाठी हाऊसिंग कोण ओतून देणार? म्हणून जुन्या स्पेअरवाल्याकडं गेलो.

"मालक, मिल्ट्रीच्या लिलावातला माल हाय. डोळं झाकून न्या."

मी अक्षरशः तेच केलं. हाऊसिंगच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी होती, त्यावर ४३ आणि ८ ठोकलेले. म्हणजे क्राऊनला (आतल्या मोठ्या दातेरी चाकाला) ४३ दात, पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या लहान चाकाला) ८. माझ्या मागच्या एक्सललाही तेच. त्यानं फडक्यानं पट्टी पुसून दाखवली, मी खूश. आता आठवतं: अख्खं हाऊसिंग नव्या काळ्या रंगात न्हालेलं, पट्टीवर मात्र रंगाचा एक शिंतोडा नाही आणि त्याच बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे. रंग देऊन झाल्यावर दुसरीकडची पट्टी आणून लावली होती. हे दिसत होतं, डोक्यात शिरलं नाही.

बसवून शिरोलीपर्यंत चक्कर मारली. कुठं आवाज नाही, धक्का नाही. असणारच कसा? टू-व्हीलमध्ये इंजिनाची ताकद पुढं जातच नाही, पुढची चाकं नुसती रस्त्यावर फिरतात. तिथं कुठलाही रेशो (या दातांचं प्रमाण) खपून जातो. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

जूनमध्ये रानात फोर-व्हील टाकली. चिखलात जीप अंग आखडल्यासारखी वागायला लागली, टायर जागेवर घासायला लागले. घट्ट वाटेवर आल्यावर तर लिव्हर सुटेचना. थोडी रिव्हर्स घेतली तेव्हा खटकन सुटला.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "मोजलंत का?" नव्हतं मोजलं. त्यांनी मागच्या चाकांना दगड लावले. (या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या ड्रमवर असतो, तेव्हा दगड हवेतच.) फोर-व्हील काढून पुढचं एक चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवरच ठेवलं. टायरवर खडूची रेघ, प्रोपेलर शाफ्टवर (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यावर) दुसरी. मग उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवलं. एक चाक थांबलेलं असलं की दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरतो. शाफ्टचे फेरे सव्वापाचच्या जरा वर भरायला हवे होते, कारण ४३ भागिले ८ म्हणजे ५.३७५. रेघ पाचव्या फेऱ्याच्या अलीकडंच थांबली. झाकण उघडलं तर क्राऊनला ३९ दात, म्हणजे ४.८७५. मागची चाकं १०० फूट जातात तेवढ्यात पुढची ११० फूट जायला बघणार. मधल्या मधे ट्रान्सफर केसचं मरण.

पाच मिनिटांचं काम. खडू आणि जॅक. सुटं हाऊसिंग असेल तरी जमतं: एका बाजूचा एक्सल धरून ठेवायचा, दुसरा दोनदा फिरवायचा आणि पिनियनचे फेरे मोजायचे.

हाऊसिंगसोबत आलेल्या ब्रेकमध्येही हात मारला होताच. माझ्या जीपला पुढच्या व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचं) बोअर, म्हणजे आतला व्यास, १ इंच, मागचं पाऊण इंच. थांबताना वजन पुढं येतं म्हणून पुढं जोर जास्त लागतो. त्यानं पुढच्या प्लेटांवर पाऊण इंचीच लावून दिले होते. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी धरायची आणि शेपूट फिरायचं. मी आपला टायरला शिव्या देत होतो. डाव्या हबचे (चाक बसतं त्या भागाचे) स्टड, म्हणजे चाकाचे नट बसतात ते बोल्टही सुलट्या आट्यांचे निघाले. या जुन्या जीपला डावीकडं उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर एल असतो. म्हणजे दोन्ही हब उजवीकडचे, आणि माल एका गाडीचा नव्हताच.

परत गेलो तर म्हणतो, "दोन चाकावर चालतीया न्हवं?" पैसे देईना, बदलून देतो म्हणाला. खिशातला खडू काढून त्याच्यासमोरच मोजायला बसलो. पहिलं हाऊसिंग, पट्टी ४३-८, फेरे पाचाला कमी. दुसऱ्याची पट्टी तीच, फेरेही तेवढेच. तिसरं कोपऱ्यात गंजत पडलेलं, रंग नाही, पट्टी नाही. रेघ सव्वापाचच्या पुढं गेली. तेच उचललं, आणि त्याचे वर २ हजार घेतलेच पठ्ठ्यानं.