नुसते टायर, पंधराचं मॅगव्हील की सोळाचं? दाजींच्या सिटीसाठी मांडलेला हिशोब

दाजींच्या सिटीचे टायर पार गोटा झाले, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. दाजी म्हणाले, "आहे तेच माप टाका, अलाइनमेंट करा, विषय संपला." भाचा नुकताच हिंजवडीत नोकरीला लागलेला. त्याने मोबाइल पुढे केला. काळीभोर, सतरा इंची मॅगव्हील्स, म्हणजे अलॉयची चाकं. "मामा, टायरचा खर्च तर होणारच आहे. त्यातच थोडे घालून चाकंच बदलू ना." हे 'थोडे' म्हणजे जवळपास दुप्पट, हे त्याला माहीत होतं. ताईला नव्हतं.

गाडी चौथ्या पिढीतली होंडा सिटी, २०१५ची, खालचं व्हेरियंट. म्हणजे लोखंडी डिस्क (साधी रिम), वर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि १७५/६५ आर१५ टायर. माझं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे भांडणात पडण्याआधी मी मापं मांडतो.

१७५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. १५ इंच हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास. रिम बदलली तरी चाकाचा एकूण व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आतबाहेर ठेवायचा, असा टायरवाल्यांचा दंडक आहे, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि टायर आत घासायला लागतो. म्हणजे रिम वाढवली की रबर कमी होणार. सिटीला बसू शकणारी मापं अशी:

| माप | साइडवॉल | चाकाचा व्यास | मूळपेक्षा फरक |
|---|---|---|---|
| १७५/६५ आर१५ (मूळ) | ११४ मिमी | ६०८ मिमी | – |
| १८५/६५ आर१५ | १२० मिमी | ६२१ मिमी | २.१ टक्के जास्त |
| १९५/६० आर१५ | ११७ मिमी | ६१५ मिमी | १.१ टक्के जास्त |
| १८५/५५ आर१६ | १०२ मिमी | ६१० मिमी | ०.२ टक्के जास्त |
| १९५/५५ आर१६ | १०७ मिमी | ६२१ मिमी | २ टक्के जास्त |
| २०५/४५ आर१७ | ९२ मिमी | ६१६ मिमी | १.३ टक्के जास्त |

सतराचा निकाल लवकर लागला. मूळपेक्षा दोन सेंटिमीटर रबर कमी. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की साइडवॉल रिम आणि डांबराच्या मध्ये चिमटते, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरला लिंबाएवढा फुगा दिसतो. तो दुरुस्त होत नाही, टायर फेकायचाच. भाच्याला मी एवढंच विचारलं, सोसायटीच्या गेटपासून कर्वे रोडपर्यंत स्पीडब्रेकर किती? त्याने कधी मोजले नव्हते. अकरा आहेत. दोन तर असे, की त्यांना स्पीडब्रेकर म्हणणं हा स्पीडब्रेकरचा अपमान आहे.

उरले तीन रस्ते.

पहिला, दाजींचा: डिस्क तीच, टायर मात्र चांगला. मूळच्या साडेपाच इंच रुंद रिमवर १८५/६५ बिनघोर बसतो. साइडवॉल सहा मिलिमीटरने वाढते, गाडी साधारण तेवढीच उचलली जाते. १६५ मिमी ग्राउंड क्लिअरन्स असलेल्या, पाच माणसं आणि गणपतीचं सामान घेऊन कोकणात उतरणाऱ्या सेडानला ते सहा मिलिमीटर कळतात. शिवाय हे माप डिझायरला कंपनीतूनच येतं, सियाझलाही यायचं, त्यामुळे कोणत्याही टायरवाल्याकडे चार-पाच कंपन्यांचे पर्याय मिळतात. ताम्हिणीत रात्री टायर फाटला तर मापाची ही लोकप्रियता फार कामाची.

लोखंडी डिस्कची टर उडवणाऱ्यांना एक सांगतो. खड्ड्यात आपटून ती वाकली, तर ठोकून सरळ होते आणि गाडी त्याच संध्याकाळी घरी येते. अलॉय वाकण्याऐवजी तडकू शकतं. तडकलेलं अलॉय वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण त्यावर मी माझी बहीण बसवणार नाही. "अलॉय हलकं असतं" हेही अर्धसत्य. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेलं, असेल तर हलकं असतं, पण आपल्याकडे परवडणारी बहुतेक मॅगव्हील्स साधी कास्ट, म्हणजे ओतीव, असतात, आणि त्यातली स्वस्तातली लोखंडी डिस्कएवढीच वजनदार भरतात. दुकानात वजनकाटा मागून बघा. टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळालं समजा.

दुसरा रस्ता: रिम पंधराचीच, पण मॅगव्हील, सहा इंच रुंद, वर १८५/६५ किंवा १९५/६०. रबर कमी होत नाही आणि फोटोतली हौस बऱ्यापैकी भागते. रुंद रिमवर टायरची भिंत ताठ उभी राहते, त्यामुळे वळणावर गाडी कमी कलंडल्यासारखी वाटते. १९५ आणि १८५ यांत माझं मत १८५ला. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर छान धरतो, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर रस्त्यात पाणी असतंच.

तिसरा: सोळा इंच. याच्या बाजूने भक्कम मुद्दा असा, की होंडाने स्वतः २०१७च्या फेसलिफ्टमध्ये वरच्या व्हेरियंटना १८५/५५ आर१६ दिलं होतं. म्हणजे गाडीच्या अंगाला ते माप परकं नाही. स्टीअरिंग चटकन ऐकतं. एक्स्प्रेसवेवर शंभरला लेन बदलताना फरक जाणवतो. ज्यांचं आठवड्याला मुंबई येणंजाणं आहे आणि गावातलं फिरणं स्कूटरवर, त्यांनी सोळाचा विचार जरूर करावा. मग १८५/५५पेक्षा १९५/५५ घ्या, पाच मिलिमीटर रबर जास्त मिळतं. पण रोज कात्रज ते स्वारगेट असेल, तर प्रत्येक ड्रेनेजच्या झाकणाची पाठीच्या मणक्याशी ओळख होईल. टायरही महाग, दर वेळी.

सोळाच घ्यायचं ठरलं, तर याच पिढीतल्या सिटीची, गाडी नवी असतानाच उतरवलेली कंपनीची चाकं शोधा. काही हौशी लोक शोरूममधून गाडी आली की मूळ अलॉय विकून टाकायचे. ती अंगाला बरोबर बसतात, कारण ती त्याच गाडीसाठी घडवलेली असतात. फक्त जुना संच घेण्याआधी बॅलन्सिंगच्या मशीनवर रिकामी रिम फिरवून कड डुलते का बघायचं.

अ‍ॅव्हरेजबद्दलही एक गंमत. मोठ्या व्यासाचं चाक प्रत्येक फेरीत जास्त अंतर कापतं, पण ओडोमीटर जुन्याच हिशोबाने मोजतो. दोन टक्के मोठं चाक असेल, तर खरे शंभर किलोमीटर साधारण अठ्ठ्याण्णव दिसतात. "टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज घसरलं" या तक्रारीतला काही भाग तरी हा असतो. तसंच स्पीडोमीटरचं: काटा शंभरवर असताना वेग पूर्वीपेक्षा दोनने जास्त.

आता बसवण्याकडे येतो, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या गाडीला मी मॅगव्हील्स बसवली होती. दुकानाचं नाव सांगत नाही. ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, दोनदा अलाइनमेंट, एकाने सस्पेन्शन उघडायला सांगितलं. शेवटी मी घरी चाक उतरवलं आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं अवजार, लावला. रिमच्या मधलं भोक ७३.१ मिमी, गाडीचं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ५४.१. मधे दोन्ही बाजूंची मिळून १९ मिलिमीटरची पोकळी. चाक हबवर टेकलेलंच नव्हतं, नुसतं नटांवर लटकत होतं, त्यामुळे मध्य साधला जात नव्हता. बाजारातल्या रिमचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच साचा अनेक गाड्यांना चालतो. ती पोकळी भरायला हब रिंग लागते, प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. चारची किंमत मी तीनदा केलेल्या बॅलन्सिंगपेक्षा कमी निघाली.

सिटीचं हब ५६.१ मिमी. चार नट, पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, १०० मिमी. डिझायरचीही पीसीडी चार नट १०० मिमीच, पण हब ५४.१. म्हणून "डिझायरला बसतं ते सिटीलाही बसेल" हे दुकानात ऐकलं की खिशातून व्हर्नियर काढायचा. नाना पेठेत मी काढला, तेव्हा पोऱ्या हसला. मालक हसला नाही, त्याने मुकाट्याने रिंगचा डबा पुढे सरकवला.

त्याहून महत्त्वाचे नट. होंडाच्या मूळ नटाचं टोक गोलसर असतं आणि डिस्कवरचा खळगाही तसाच वाटीसारखा. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हील्सचा खळगा शंकूसारखा, साठ अंशांचा. गोल टोक शंकूत घातलं की पूर्ण टेकत नाही, बांगडीसारख्या एका रेषेवर टेकतं. पाना मारताना घट्ट लागतं, पण चार-पाचशे किलोमीटरनंतर सैल होऊ शकतं. म्हणून शंकूच्या टोकाचे, एम१२ (१२ मिमी जाडीच्या स्टडचे) आणि १.५ पिचचे, म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेले, नवे नट घ्यायलाच हवेत. मारुतीच्या नटांचं पिच १.२५ असतं. चुकून ते आले तर दोन आटे जातील आणि पुढे जबरदस्ती केली की स्टडचे आटे मरतील.

आवळताना हवेच्या बंदुकीने घर्रर्र करून सोडून देऊ देऊ नका. बोटांनी नट पुरते फिरवायचे, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने समोरासमोरच्या जोडीत १०८ न्यूटन-मीटर. पान्याचा 'टक' आवाज आला की थांबायचं. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तोच टॉर्क. भाच्याला हे काम दिलं, त्याला तो 'टक' भलताच आवडला.

रिमच्या मागे 'ईटी' असा आकडा कोरलेला असतो, हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर लांब आहे ते सांगणारा, तोही बघा. मूळ आकड्यापेक्षा दहा कमी असेल, तर चाक दहा मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि मागे तिघं बसले की फेंडरची कड टायरला लागू शकते. बसवून झाल्यावर स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून, गाडी माणसांनी भरून एक चक्कर मारायची. घासल्याचा आवाज दुकानासमोरच आलेला बरा. रिमवर जेडब्ल्यूएलची (अलॉय चाकांच्या जपानी मानकाची) खूण आणि कमाल भाराचा आकडा आहे का, हेही तिथेच पाहून घ्या.

टायरवरचा शेवटचा चार आकडी कोड वाचायला शिका: पहिले दोन आकडे टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सिटीच्या मूळ टायरचा लोड इंडेक्स ८४, म्हणजे एका टायरवर ५०० किलो. त्याखाली उतरू नका. १८५/६५ आर१५ बहुधा ८८चा मिळतो, म्हणजे ५६० किलो. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुना भाव सांगितला तर बिल मागा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मी देत नाही. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, उरलेल्यासाठी दर पंधरवड्याला गेज लावतो.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलं. म्हणून ज्या मापाला कंपनीनेच तुमच्या मॉडेलमध्ये जागा दिली आहे, ते सर्वांत निर्धास्त. मॅगव्हील्स बसवली तर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यायची, नाहीतर अपघातानंतर चाकांचे पैसे मागताना तोंड वाजवावं लागतं.

खर्चाचं म्हणाल, तर चांगल्या टायरचा संच आणि बऱ्या कास्ट अलॉयचा संच साधारण एकाच पट्ट्यात येतात, वीस ते तीस हजार. एकालाच पैसे असतील तर टायर. यात मी दाजींच्या बाजूचा आहे, आणि माझी गाडी असती तर डिस्क तशाच ठेवून १८५/६५ टाकले असते. पण भाचा म्हणाला, रिमचे पैसे माझ्या पगारातून. मग कोण नाही म्हणणार? पंधरा इंची, सहा इंच रुंद, करडी मॅगव्हील्स आली. काळी नाहीत, ताईने काळ्याला साफ नकार दिला.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणीच सांगितली नाही. स्टेपनी अजून जुन्या लोखंडी डिस्कवरच आहे, म्हणजे तिचा खळगा वाटीसारखा. पंक्चर झालं तर तिला नवे शंकूचे नट चालणार नाहीत, जुनेच गोल हवेत. ती व्यासानेही थोडी लहान आहे, म्हणून पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे घ्यायचं आणि स्टेपनी मागे. ताईने जुने चार नट जुन्या चष्म्याच्या डबीत घातले, वर चिकटपट्टी लावून लिहिलं, 'स्टेपनीचे, फेकू नये', आणि डबी डिकीत जॅकच्या शेजारी खोचून ठेवली.