शाळेच्या खाऊचा डबा, सात महिन्यांनंतर: माल चांगला, नावं सगळी चुकलेली

शाळेबाहेर मिळायचा तसला खाऊ भरलेला हा डबा ऑक्टोबरपासून दर महिन्याला घरी येतोय. लिहायला बसले ते चिचबिलाईमुळे, म्हणजे विलायती चिंचेमुळे.

एप्रिलच्या डब्यात ताज्या विलायती चिंचा आल्या, त्याही हवाबंद प्लॅस्टिकमध्ये. आत पाणी सुटून शेंगांवर बुरशी धरलेली. फोन लावला. आमच्या यवतमाळकडे हिला चिचबिलाई म्हणतात, तोंडातून तेच निघालं. पलीकडचा म्हणाला, "मॅडम, तुमच्या ऑर्डरमध्ये असा पदार्थच नाही." विलायती चिंच म्हणून पाहिलं, तरी तेच उत्तर. कारण पाकिटावर 'जंगल जलेबी' छापलंय! शाळेबाहेरच्या आठवणी म्हणून आपल्यालाच विकायच्या आणि नाव मात्र आपलं नाही, याचा मला फार राग आला.

पहिल्या महिन्यात डबाच बंद करणार होते. ४४९ रुपयांत बोरकूट, आवळासुपारी, लिमलेटच्या गोळ्या आणि बॉबी. जत्रेत एवढं सगळं दीडशेत येतं. पण बोरकुटाने मत बदललं. साखरेची भेसळ नाही, नुसतं वाळल्या बोराचं, मीठ बेताचं. लेकीने पाची बोटांत बॉबी अडकवून एकेक कुरतडायला सुरुवात केली, तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मार्चमध्ये ह्याच चिंचा कागदी पिशवीत आल्या होत्या आणि अगदी छान होत्या. वळलेल्या गुलाबी शेंगा, आतला गर पांढरा, किंचित तुरट. शाळेत आम्ही गर खाऊन झाला की बी घ्यायचो आणि नखाने वरची काळी साल सोलायचो. आतली तपकिरी साल जराही खरवडली, पांढरं दिसलं, की बाद. मधल्या सुट्टीत दोन बिया जमल्या तरी खूप. लेकीच्या दहा बिया बाद झाल्या, अकरावी जमली. यवतमाळला आईला फोन केला, तर ती म्हणाली, "आता चिचबिलाई बी पाकिटात येते काय वं?"

हे झाड मुळात मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं. विलायती म्हणतात ते त्यामुळेच. इतक्या लांबून येऊन विदर्भात त्याला स्वतःचं नाव मिळालं आणि ते पाकिटावर एका ओळीत मावत नाही? मुरमुऱ्यांचं तेच. कोल्हापूरच्या सासूबाई चुरमुरे म्हणतात, मुंबईची जाऊ कुरमुरे, मी मुरमुरे. पाकिटावर 'पफ्ड राइस'. तिघींपैकी एकीचं तरी छापा! रावळगावची गोळी १९४२ पासून आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाते, तिला कुणी दुसरं नाव शोधत बसलं नाही.

तिसऱ्या फोनवर अकोल्याकडची मुलगी लागली. मी चिचबिलाई म्हटल्याबरोबर तिने विचारलं, "काळी पडली का ताई?" फोटो मागवला, दोन दिवसांत चिंचांचे ७० रुपये परत आले.

डबा चालू ठेवलाय, पण फक्त सुका खाऊ. ताजा खाऊ पुन्हा कागदी पिशवीत यायला लागेपर्यंत उन्हाळ्यात मागवू नका. आणि तक्रार करायची झाली, तर आधी पाकिटावरचं नाव वाचून घ्या.